रविवारची ‘भिशी’: बायकांच्या नशामुक्ती गटाचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते, गटाचं नाव आणि पत्ता इथे टाकणार नाही, विचारूही नका. तिथे येणाऱ्या निम्म्या बायका घरी खोटं सांगून येतात, मी पण. मध्य रेल्वेवर दादर आणि भायखळ्याच्या मधे कुठेतरी, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल, दर रविवारी दुपारी साडेतीन ते पाच, एवढं पुरे. ज्यांना खरंच हवाय त्यांच्यापर्यंत तो पोचतो, मला एका नर्सने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिला होता.

मग रिव्ह्यू कशाला लिहितेय? कारण मी शोधत होते तेव्हा मला मराठीत असं काहीच सापडलं नाही. जे होतं ते सगळं ‘दारुड्या नवऱ्याला कसं सुधारावं’. अहो, दारुडी मीच होते, मी काय वाचायचं?

माझं थोडक्यात. वय ४६, अकाउंट्समध्ये नोकरी, राहायला भांडुप, घरी नवरा, मुलगी, सासूबाई. दारू आणि झोपेच्या गोळ्या, दोन्ही. बंद होऊन दोन वर्षं चार महिने, पण मधे एकदा घसरले, तिथून मोजायचं तर १९ महिने. गटात तिथूनच मोजतात, त्यावर वाद घालून झालाय माझा.

आणि माझ्या स्टारांचा हिशोब वेगळा आहे. भिंतीचा रंग, एसी, काउन्सेलरची डिग्री वगैरे नंतर. पहिला प्रश्न हा की घरातून निघून परत येईपर्यंत किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळाची सबब जुळते का. पुरुषाला ‘जरा बाहेर जाऊन येतो’ एवढं पुरतं. बाईने दोन तास कुठे होती ते सांगायचं असतं, आणि येताना पिशवीत कोथिंबीर तरी दिसायला पाहिजे.

या हिशोबाने मी आधी जे जे करून बघितलं ते सांगते.

माझी सुरुवात घरातल्याच बाटलीतून झाली. नवऱ्याची बाटली शोकेसमधे राजरोस, शनिवारी मित्र आले की निघायची, चकणा मीच तळून द्यायचे. त्यातली मी घ्यायचे आणि तेवढं पाणी भरून ठेवायचे. काही महिन्यांनी नवरा मित्रांना सांगायला लागला की हल्ली माल डुप्लिकेट येतो, दुकान बदललं पाहिजे. दुकान बदललं पण! मग लॉकडाऊनमधे मे २०२० ला घरपोच दारूची परवानगी मिळाली आणि माझं कल्याण झालं, वाईन शॉपच्या काउंटरला उभं राहून मागच्या रांगेतल्या पुरुषांच्या नजरा झेलायची गरजच उरली नाही. क्वार्टर फिनेलच्या बाटल्यांमागे राहायची कारण त्या कप्प्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. ऑफिसला जाताना स्टीलच्या बाटलीत. ठाण्याच्या पुढे लेडीज डब्यात बसायला मिळालं की दोन घोट, वर वेलची. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, काढा का हो? म्हटलं हो, घशासाठी.

गोळ्या तर डॉक्टरनेच दिलेल्या. झोप येत नाही म्हटल्यावर अल्प्राझोलम, ०.५ ची, पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस सहा वर्षं चालले. ही गोळी शेड्यूल एच-वन मधली आहे, केमिस्टने चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरमधे नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असा नियम आहे, पण एकाच जुन्या चिठ्ठीवर स्टेशनपासून घरापर्यंत तीन केमिस्ट हसतमुखाने द्यायचे. बाई नीटनेटकी, साडी इस्त्रीची, काय संशय घेणार.

पहिला अनुभव, कर्जतकडचं प्रायव्हेट सेंटर: १ स्टार, तोही बागेला

भावाने कळल्यावर तिकडे नेऊन टाकलं. घरी सांगितलं टायफॉइड झालाय, माहेरी राहील. महिन्याला ४५ हजार, ॲडव्हान्स. भरतीच्या फॉर्मवर छापील ओळ, ‘पत्नीचे नाव व मोबाईल’. क्लार्कने पत्नीवर काट मारून पती लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, लेडीज कमी येतात ना.

लेडीज सेक्शन म्हणजे स्वयंपाकघराच्या वरच्या दोन खोल्या. आम्ही पाच जणी. रात्री बाई अटेंडंट नाही, खाली वॉर्डबॉय. डॉक्टर आठवड्यातून दोनदा. दारू आणि गोळ्या पहिल्याच दिवशी एकदम बंद, जे नंतर कळलं की धोक्याचं आहे, विशेषतः गोळ्यांचं, त्या हळूहळूच कमी करायच्या असतात नाहीतर फिट येऊ शकते. मला आली नाही हे माझं नशीब, त्यांचं कौतुक नाही.

आणि सकाळी सहाला ‘वर्क थेरपी’. पुरुष पेशंट बागेला पाणी घालायचे, योगा करायचे. आम्ही पाच जणी चाळीस माणसांच्या चपात्या. दोनशे चपात्या रोज. मी टायफॉइडच्या नावाखाली ४५ हजार देऊन चपात्या लाटायला आले होते. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की चपातीचा नकाशा व्हायचा, तर तिथली बाई म्हणाली, घरी पण अशाच करतेस का?

हे सगळं बेकायदेशीर होतं ते मला दीड वर्षाने कळलं. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आहे, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेत. त्या कायद्यात सरळ लिहिलंय की पेशंटला काम करायची जबरदस्ती करता येत नाही, आणि काम केलं तर त्याचा मोबदला द्यायचा. पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत हेही लिहिलंय. आम्ही पॅड मागायला खाली पुरुषाच्या ऑफिसात जायचो. आणि एक गोष्ट तर मी दोनदा वाचली, तीन वर्षांखालचं मूल असेल तर त्याला सहसा आईपासून वेगळं करायचं नाही. आमच्यातल्या एकीचं दीड वर्षाचं मूल नणंदेकडे होतं, ती रात्रभर... जाऊ दे, ती तिची गोष्ट.

सोळाव्या दिवशी भावाला सांगून बाहेर पडले. घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, टायफॉइडने बारीक झालीस पण रंग उजळलाय. आठवड्यात परत सुरू.

विम्याचं पण सांगून टाकते, कोणाच्या तरी कामाला येईल. पॉलिसीच्या मागच्या पानांवर बघा, एक्सक्लूजन कोड १२, दारू, ड्रग किंवा कुठल्याही व्यसनाची ट्रीटमेंट कव्हर नाही. हा कोड कंपन्यांना ठरवून दिलेलाच आहे. म्हणजे एका कायद्यात आजार आणि पॉलिसीत नाही. आम्ही अकाउंट्सवाले, आम्हाला असलं दिसतं.

पुण्याचा पर्याय: स्टार देत नाही कारण गेलेच नाही

मुक्तांगण सगळ्यांना माहितीये, १९८६ मधे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. लं.च्या मदतीने उभं राहिलेलं. तिथे बायकांसाठी वेगळा विभाग आहे, निशिगंध. सगळं ऐकून चांगलंच वाटलं. पण महिनाभराच्या वर राहायचं, आणि तेव्हा मुलीची दहावी. टायफॉइडची सबब एकदाच चालते हो. महिनाभर आई कुठे गेली याला मला सबब सापडली नाही. वांद्र्याला कृपा फाउंडेशन आहे, १९८१ पासून, फादर जो परेरांचं, अय्यंगार योगाची जोड देऊन करतात, माझ्या मावसभावाला तिथे चांगला फरक पडला. पण तो वांद्र्याला जायचा तेव्हा वहिनी डबा देऊन पाठवायची, मला कोण देणार.

मग एक ओपन मीटिंग

एका संध्याकाळी हिंमत करून दारू सोडणाऱ्यांच्या एका मीटिंगला गेले, कुठली ते सोडा. दारात एक काका, पांढरा शर्ट, एकदम प्रेमळ. मी काही बोलायच्या आत म्हणाले, या ताई, तुमची मीटिंग पलीकडच्या खोलीत, घरच्यांसाठीची तिकडे असते, मिस्टर आलेत का? मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसले पण! सव्वा तास. समोरच्या बायका नवऱ्याच्या पिण्याने कशा पिचल्यात ते सांगत होत्या आणि मी मान डोलवत होते, पर्समधे स्टीलची बाटली. चहा पिऊन घरी आले. आज हसू येतं, तेव्हा लोकलमधे रडू आवरत नव्हतं.

काकांची चूक नाही, त्यांनी वर्षानुवर्षं तेच बघितलंय. ही पद्धतच पुरुष पेशंट आणि बाई घरची असं धरून बनलेली आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ मधे अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केली आणि १९३९ मधे त्यांचं जे मुख्य पुस्तक आलं त्यात एक अख्खं प्रकरण पिणाऱ्यांच्या बायकांना उद्देशून आहे, नवऱ्याशी कसं वागावं. गंमत म्हणजे तेही बायकोने लिहिलेलं नाही, बिल नावाच्या संस्थापकानेच लिहिलंय, त्याची बायको घरात असताना. आणि त्याच १९३९ च्या सुमारास मार्टी मान नावाची बाई त्यांच्यात येऊन सुधारत होती. ती कुठल्या खोलीत बसली असेल असं मला नेहमी वाटतं.

आपल्याकडे पण तेच ना. दारू म्हटलं की बाई कुठे दिसते? मोर्चात. उभी बाटली आडवी बाटली, गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद पाडतात, टीव्हीवर दिसतात, मोठीच गोष्ट आहे ती, मी त्यांच्या बाजूचीच. पण त्या मोर्चातल्या एखादीच्या घरी फिनेलच्या मागे काय आहे हे कोण विचारणार. सरकारचा फॅमिली हेल्थ सर्व्हे आहे, २०१९-२१ चा, त्यात देशभरात १५ वर्षांवरच्या बायकांत दारू पिणाऱ्या १.३ टक्के आणि पुरुष जवळजवळ १९ टक्के. असेल. पण माझ्या दारात सर्व्हेवाली आली असती आणि शेजारी सासूबाई गहू निवडत बसल्या असत्या तर मी पण नाहीच म्हटलं असतं.

आता गट

पहिल्या रविवारी मी सव्वातीनलाच पोचले आणि समोरच्या फुटपाथवर वीस मिनिटं उसाच्या रसवाल्याजवळ उभी राहिले. मग एक कोळीण मावशी, रिकामी पाटी बगलेत, सरळ आत शिरली. म्हटलं ही जाऊ शकते तर मी पण.

आत बारा-तेरा प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात. कोणी विचारलं नाही मिस्टर कुठायत. एवढ्यासाठीच मी एक स्टार दिला असता. जी बाई गट चालवते, आम्ही काकू म्हणतो, साठीच्या पुढची, रिटायर्ड शिक्षिका, तिने नाव पण विचारलं नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले, बोटं सरळ करायला लावली आणि नुसती बघत राहिली. मग तीन प्रश्न. शेवटची कधी घेतलीस? रोज किती? कधी फिट आली होती का? मी खरं सांगितलं, काल रात्री, गोळ्या पण, आज मीटिंगला यायचं म्हणून सकाळपासून काहीच नाही. काकू म्हणाली, ‘बाळा, आज मीटिंग नाही, आज हॉस्पिटल.’ आणि उठून चप्पल घालायला लागली.

मला तेव्हा राग आला. एवढं धाडस करून आले आणि ही हाकलतेय. पण टॅक्सीत तिने समजावलं. रोज पिणाऱ्याने एकदम सोडलं की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा करतो, त्यात जीवही जाऊ शकतो. बाई घरीच ‘निग्रहाने’ सोडते, गुपचूप, कोणाला कळू नये म्हणून, आणि ती जास्त धोक्यात असते. गट बोलण्यासाठी आहे, शरीरातून काढायचं काम डॉक्टरचं, हे काकूचं वाक्य मी आता प्रत्येक नवीन येणारीला सांगते.

म्युनिसिपल हॉस्पिटलचा अनुभव मिक्स. वाईट आधी. दहा रुपयांचा केसपेपर, दीड तास रांग, रांगेत मी सोडून सगळे पुरुष आणि त्यांच्या बायका, आणि शिपायाने दोनदा विचारलं, ‘पेशंट कुठाय?’ दुसऱ्यांदा मी एवढ्या जोरात ‘मीच’ म्हटलं की सगळी रांग वळली. नंतर फॉलोअपला दर वेळी नवीन शिकाऊ डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी.

पण पहिल्या दिवशीची ती पोरगी, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, तिने अर्धा तास दिला. ॲडमिट करून घेतलं, थायमिन (बी-वन व्हिटॅमिन) चालू केलं, थरथरीवर गोळ्या दिल्या त्या रोज मोजून कमी करत आणल्या. अल्प्राझोलम मात्र सोडवायला चार महिने लागले, पाव-पाव गोळी तोडत. मी तिला विचारलं की माझा नवरा वीस वर्षं पितोय, माझी तर सहा-सात, मग माझ्या लिव्हरचे रिपोर्ट त्याच्यापेक्षा वाईट कसे? ती म्हणाली, मॅडम, एकच पेग बादलीत टाकला आणि तांब्यात टाकला तर कुठे जास्त कडक लागेल? बायकांच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, पोटात दारू फोडणारं एन्झाइम पण कमी, म्हणून तेवढ्याच दारूने रक्तात जास्त चढते आणि लिव्हरला लवकर लागते. सुरुवातीपासून सवय लागेपर्यंतचा प्रवासही बायकांचा लवकर होतो, त्याला डॉक्टर लोक टेलिस्कोपिंग म्हणतात, दुर्बीण मिटवल्यासारखं. मला इतकी वर्षं वाटत होतं मी कमकुवत आहे. तर मी तांब्या होते.

(घरी सांगितलं गर्भाशयाचं काहीतरी आहे. त्या शब्दापुढे आमच्या घरातला कुठलाही पुरुष प्रश्न विचारत नाही. मैत्रिणींनो, लक्षात ठेवा.)

नऊ दिवसांनी डिस्चार्ज आणि पुढच्या रविवारी गटात. तेव्हापासून घरी ‘भिशी’. रविवार साडेतीनची वेळ कोणी ठरवली माहीत नाही पण तिला साष्टांग नमस्कार. जेवणं आटोपलेली, नवरा टीव्हीसमोर घोरतोय, सासूबाई आडव्या झाल्यात, मुलगी फोनमधे. मी सव्वादोनला निघते, साडेसहाला परत, संध्याकाळच्या चहाला थोडा उशीर होतो तेवढाच. या एका गोष्टीसाठी गट सगळ्या सेंटरांच्या वर आहे.

फक्त मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवाल्यांना बायकांच्या नशामुक्तीशी काय दुश्मनी आहे कळत नाही, दर रविवारी साडेतीन-चारपर्यंत काहीतरी काढतातच. स्लो बंद, फास्ट स्लोवरून, गाडी कुठल्या स्टेशनला थांबेल देव जाणे. शनिवारी रात्री ब्लॉक बघून ठेवा.

पद्धत एएचीच उचललेली आहे पण हा एएचा ग्रुप नाही, त्यामुळे दारू, गोळ्या, मशेरी, इंजेक्शन, मोबाईलवरची रमी, सगळ्या एकाच गोलात. याचा फायदा आणि तोटा दोन्ही. फायदा हा की कोणी कोणाला वरचढ नाही. तोटा हा की पहिले दोन महिने मला वाटायचं, मशेरीवाली बसून काय रडतेय, मशेरी काय व्यसन आहे का? तर हो. आणि हे मला गटापेक्षा घरीच नीट कळलं.

आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. पन्नास वर्षं मशेरी. गॅसवर जुना तवा, त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मजल्यावरचे सगळे ठसकायला लागले की समजायचं आईंची मशेरी चाललीये. मग चुरून डबीत. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी, झोपताना. डबी सापडली नाही तर त्या जे करतात, कपाट उचकणं, सगळ्यांवर ओरडणं, बोटं कुस्करत बसणं, तेच मी फिनेलच्या कप्प्यासमोर करायचे, हे एकदा दिसलं आणि मग रोजच दिसायला लागलं. पण त्यांना कोणी कधी कर्जतला नेलं नाही. मशेरीने दात साफ होतात ना.

एकदा मी हिंमत करून त्यांना मुंबईतल्याच एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २००४ मधे आलेला, बाराशेच्या वर बायका होत्या त्यात, तंबाखू-मशेरी लावणाऱ्या गरोदर बायकांची मुलं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. आई गहू निवडत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आमचा धाकटा दोन किलोचा होता. सगळी म्हणायची, आईनं खाल्लं न्हाई.’ आणि परत गहू. मी पुढे काही बोलले नाही, धाकट्या दिराचा फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला, वय महिना सव्वा महिना.

मीटिंगमधे काय बोलतात ते लिहिणार नाही, तो नियम आहे आणि मला तो पटतो. स्वतःपुरतं सांगते. पहिले पाच रविवार मी फक्त ‘आज काही बोलायचं नाही’ म्हटलं आणि कोणी टोचलं नाही. सहाव्या रविवारी नवऱ्याच्या बाटलीत पाणी भरायची गोष्ट सांगितली तर गोलातल्या चार जणी एकदम हसायला लागल्या, कारण त्यांनी पण तेच केलेलं. एकीने तर रंग जुळवायला काळा चहा घातला होता. माझं हे सगळ्यात लाजिरवाणं गुपित होतं आणि इथे ते स्वयंपाकाच्या टिपसारखं निघालं.

घसरले तेव्हाचं पण सांगते. भाच्याचं लग्न, पनवेल, हळदीच्या रात्री. सोमवारी काकूला फोन केला, तिने भाषण दिलं नाही, विचारलं ‘किती, आणि आत्ता कुठे आहेस?’ आणि रविवारी माझ्यासाठी खुर्ची होती. फक्त मोजणी शून्यावर. यावर मी भांडले, नऊ महिने पाण्यात गेले का म्हणून. काकू म्हणाली, तुम्ही अकाउंट्सवाल्या, नवीन वर्षाचं खातं उघडलं म्हणून जुनी वही जाळता का? मला अजून हे पूर्ण पटलेलं नाही.

तो एक स्टार का कापला

एक, बाथरूम. रविवारी कुलूप, चावी वॉचमनकडे, वॉचमन टपरीवर. बारा बायका, त्यातल्या निम्म्या चाळिशी-पन्नाशीच्या, दीड तास. हे गटाच्या हातात नाही पण त्रास आमच्या पोटात.

दोन, लहान मुलांची काहीच सोय नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्या दोन-तीन रविवार येतात आणि गळतात. एकीचा मुलगा बाहेर बाकावर फोन बघत बसायचा, दार लागत नाही नीट, त्याला किती ऐकू जात असेल. मी दोनदा हा मुद्दा मांडला, आळीपाळीने एकीने मुलांना बागेत न्यावं असं ठरलं, पहिल्याच रविवारी माझी पाळी होती, पाऊस आला. पुढे कोणी नाव काढलं नाही, मी पण.

तीन, फुकटचे सल्ले. गोलात असताना कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही हा नियम आहे, पण चहाच्या वेळी एक बाई, मनाने चांगली हो, सगळ्यांना सांगत फिरते की नवऱ्याला गरम जेवण वाढा, घर शांत राहिलं की पिण्याची इच्छाच होत नाही. ताई, मी सतरा वर्षं गरम वाढतेय.

चार, एका बाईने तिच्या नणंदेच्या डाळीत नशा सोडायची गोळी गुपचूप घालू का विचारलं आणि तिला नीट उत्तर द्यायला कोणी डॉक्टर नव्हता. काकूने रागावून नको म्हटलं, बरोबरच, ती गोळी, डायसल्फिराम, न सांगता दिली आणि माणूस वर प्यायला तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं, हे मला हॉस्पिटलमधे सांगितलं होतं. पण महिन्यातून एकदा तरी कोणी डॉक्टर किंवा काउन्सेलर यावा असं मला वाटतं.

आणि शिरा. कोणाचं वर्ष पूर्ण झालं की शिरा करून आणतात. साखर कमी घालतात, डायबेटिसवाल्या आहेत म्हणून. माझं वर्ष झालं तेव्हा मी स्वतः केला, दुप्पट साखर, मनुका, काजू, डबा पुसून नेला बायकांनी.

पैशाचं विचाराल तर फी नाही. बोर्नव्हिटाचा जुना डबा फिरतो, दहा-वीस जे जमेल ते, चहा-पार्ले-जी आणि हॉलचं भाडं त्यातूनच. कोळीण मावशी कधी पैसे टाकत नाही, पण तीन-चार आठवड्यांनी काकूच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले बोंबील असतात.

घरी अजून माहीत नाही. मुलीला बहुतेक अंदाज आहे, ती आता फिनेलच्या कप्प्यातून स्वतः सामान काढून देते. नवऱ्याला नाही, त्याला एवढंच कळलंय की माल परत ओरिजिनल यायला लागलाय. सासूबाईंचं सांगता येत नाही. मागच्या महिन्यात निघताना त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘दोन वर्षं जातीस, तुझी भिशी एकदाबी लागली न्हाई गं.’ मी चप्पल शोधत बसले. तर म्हणाल्या, ‘जा, गाडी चुकल.’

ज्यांना गटापर्यंत पोचता येत नाही त्यांच्यासाठी, सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे १४४४६, फुकट, आणि तंबाखू-मशेरीसाठी क्विटलाइन १८००-११-२३५६. फोन करायला जागा नसेल तर गच्चीवर कपडे वाळत घालायला जा, मी सगळे महत्त्वाचे फोन तिथूनच केलेत.

येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गणपतीत विसर्जनाच्या रविवारी मीटिंग नसते, त्या भागात पोचणंच शक्य नाही. आणि या महिन्यातले उरलेले दोन रविवार हॉल साखरपुड्यांना दिलाय, म्हणून मीटिंग वरच्या मजल्यावर बालवाडीच्या खोलीत आहे. खुर्च्या पोरांच्या आहेत, गुडघे कानाला लागतात, काकूला मागच्या वेळी दोघींनी धरून उठवलं. साडी नेसून येऊ नका, आणि बाथरूमला स्टेशनवरच जाऊन या.